गाझी आधी कुणाची होती?

प्रश्न (गेवराई, जि. बीड): 'द गाझी अटॅक' हा चित्रपट आम्ही घरच्यांनी मिळून पाहिला. नंतर नववीतल्या मुलाने कुठेतरी वाचलं, की गाझी ही मुळात अमेरिकेची, दुसऱ्या महायुद्धातली पाणबुडी होती. मग ती पाकिस्तानकडे आली कशी? महायुद्धात तिने काय केलं? आणि ती आपण बुडवली की तिची तीच बुडाली, यावर घरात दोन तट पडले आहेत. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्यांना समजेल असं सविस्तर सांगाल का?

उत्तर: मुलाने वाचलं ते बरोबर आहे. गाझीचं पहिलं नाव डायाब्लो. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मेन राज्यात किटरी नावाचं गाव आहे. तिथल्या पोर्ट्समथ नौदल गोदीत ऑगस्ट १९४४ मध्ये तिची बांधणी सुरू झाली आणि १ डिसेंबर १९४४ ला ती पाण्यात उतरलीसुद्धा. पंचाण्णव मीटर लांबीची पाणबुडी चार महिन्यांच्या आत! त्या काळात या गोदीत रात्रंदिवस काम चालायचं. एकट्या १९४४ साली तिथून बत्तीस पाणबुड्या बाहेर पडल्या. ३१ मार्च १९४५ ला डायाब्लो अमेरिकेच्या नौदलात रीतसर दाखल झाली.

अमेरिकेला इतक्या पाणबुड्या कशासाठी हव्या होत्या? जपान हा बेटांचा देश. तेल, लोखंड, रबर, तांदूळ, सगळं जहाजांनी यायचं. ती जहाजं बुडवली की कारखानेही थांबणार आणि चुलीही. अमेरिकी नौदलात पाणबुड्यांवरची माणसं शंभरात जेमतेम दोन. पण जपानची जेवढी जहाजं बुडाली त्यातली निम्म्याहून अधिक त्यांनी बुडवली. त्याची किंमतही त्यांनी मोजली. बावन्न पाणबुड्या गेल्या आणि त्यांच्यासोबत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं.

डायाब्लो ही टेंच वर्गातली, म्हणजे अमेरिकेच्या युद्धकाळातल्या पाणबुड्यांच्या शेवटच्या आणि सर्वांत सुधारलेल्या वर्गातली. पुढे सहा आणि मागे चार, अशा पाणतीर सोडायच्या दहा नळ्या. एकदा इंधन भरलं की पृष्ठभागावरून अकरा हजार सागरी मैल जायची ताकद. हा आकडा मुलाला लक्षात ठेवायला सांगा; सव्वीस वर्षांनी सगळी गोष्ट याच आकड्यापाशी येते.

आता महायुद्धात तिने काय केलं ते. २१ जुलै १९४५ ला ती हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बरला पोहोचली आणि १० ऑगस्टला पहिल्या युद्धमोहिमेवर निघाली. तारीख पाहा. आदल्याच दिवशी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला होता. ती वाटेत असतानाच जपानने शरणागती जाहीर केली. सायपानला थांबून पुढचे हुकूम घ्यायचे ठरलेलं होतं, ते बदलून तिला ग्वामला जायला सांगितलं गेलं. २२ ऑगस्टला ती तिथे लागली आणि महिनाअखेरीस परत फिरली. म्हणजे महायुद्धासाठी घाईघाईने बांधलेल्या डायाब्लोने त्या युद्धात शत्रूवर एकही पाणतीर सोडला नाही. 'महायुद्ध गाजवलेली पाणबुडी' असं तिचं वर्णन कुठे वाचलंत तर ते सोडून द्या.

त्यापुढची अठरा-एकोणीस वर्षं फार सांगण्यासारखी नाहीत. काही काळ तिचा तळ पनामा कालव्यापाशी होता, नंतर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, काम सरावाचं. एक बदल मात्र महत्त्वाचा. तिला स्नॉर्केल बसवलं गेलं. डिझेल इंजिनाला हवा लागते. ती पाण्याखाली कुठून मिळणार? म्हणून पाणबुडी खाली असताना बॅटरीवर चालते आणि बॅटरी भरायला तिला वर यावं लागतं. स्नॉर्केल म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरा वर डोकावणारी नळी. तिच्यातून हवा आत ओढली की पाणबुडी पाण्याखाली लपूनही इंजिन चालवू शकते. बॅटरीचं हे प्रकरण पुढे पुन्हा येणार आहे.

१९५०च्या दशकात पाकिस्तान अमेरिकेच्या लष्करी करारांमध्ये सामील झाला, आधी सिएटो आणि मग बगदाद करार, ज्याला पुढे सेंटो म्हणू लागले. साम्यवादी देशांना रोखण्यासाठी मित्रदेशांना शस्त्रं द्यायची, हे अमेरिकेचं तेव्हाचं धोरण होतं. त्यातूनच १ जून १९६४ ला डायाब्लो चार वर्षांच्या भाडेकराराने पाकिस्तानला मिळाली आणि तिचं नाव गाझी झालं. भारतीय उपखंडातल्या कुठल्याही नौदलाची ही पहिली पाणबुडी. आपल्याकडे तेव्हा एकही नव्हती. आपली पहिली पाणबुडी, सोव्हिएत बनावटीची कलवरी, ८ डिसेंबर १९६७ ला दाखल झाली.

त्यामुळे १९६५ च्या युद्धात गाझी एकटीच होती. तिला मुंबईच्या बाजूला पाठवलं होतं. मोठं जहाज दिसलं तरच हल्ला करायचा, असा तिला हुकूम होता. आपली विमानवाहू नौका विक्रांत तेव्हा मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला होती, त्यामुळे गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. युद्ध संपता संपता गाझीने ब्रह्मपुत्र या आपल्या फ्रिगेटवर पाणतीर सोडले आणि ते लागले, असा पाकिस्तानचा दावा होता. ब्रह्मपुत्र मात्र धडधाकट राहिली. इतकी, की १९७१ मध्ये ती विक्रांतच्याच ताफ्यात बंगालच्या उपसागरात होती.

त्या युद्धामुळे अमेरिकेने दोन्ही देशांची शस्त्रं अडवली. गाझीचे सुटे भाग मिळेनात. तिच्यासारख्या अमेरिकन पाणबुड्या तुर्कस्तानकडेही होत्या, म्हणून मोठ्या दुरुस्तीसाठी तिला तुर्कस्तानातल्या ग्योल्जुकच्या गोदीत न्यायचं ठरलं. पण १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धापासून सुवेझ कालवा बंद. मग कराचीहून निघून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून ती भूमध्य समुद्रात गेली आणि १९७० मध्ये परत आली. येताना पाणसुरुंग पेरायची सोय घेऊन आली.

आता १९७१. पाकिस्तानकडे तोवर डाफ्ने वर्गाच्या तीन नव्या फ्रेंच पाणबुड्या आल्या होत्या. मग पूर्वेला जुनी गाझीच का पाठवली? तर तो अकरा हजार मैलांचा आकडा. कराचीहून निघून श्रीलंकेला वळसा घालायचा, बंगालच्या उपसागरात दिवसचे दिवस दबा धरायचा आणि परत यायचं, एवढा पल्ला फ्रेंच पाणबुड्यांना नव्हता. पॅसिफिक महासागर डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या गाझीला होता. आणि शिकार एकच होती, विक्रांत. ती बुडाली असती तर पूर्व पाकिस्तानची समुद्रातून कोंडी करण्याचा आपला बेत कोलमडला असता.

१४ नोव्हेंबर १९७१ ला गाझीने कराची सोडलं. कप्तान होते कमांडर जफर मुहम्मद खान आणि पाणबुडीत नव्वदहून अधिक माणसं. आधी मद्रासच्या समुद्रात शोध झाला, मग विशाखापट्टणमसमोर. विक्रांत दोन्हीकडे नव्हती. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल नीलकांत कृष्णन यांनी तिला अंदमानात दडवून ठेवलं होतं. आणि विक्रांत विशाखापट्टणमलाच आहे असं भासवायची जबाबदारी दिली होती राजपूत या जुन्या विनाशिकेवर. राजपूतने समुद्रात जाऊन एखाद्या मोठ्या जहाजासारखी बिनतारी संदेशांची वर्दळ सुरू केली. बंदरातल्या ठेकेदारांकडे ताफ्यासाठी भाजीपाला आणि धान्याची भलीमोठी मागणी नोंदवली गेली, म्हणजे बातमी बाजारात आपोआप फुटावी. विक्रांतवरच्या एका खलाशाच्या नावाने आईच्या तब्येतीची चौकशी करणारी तार उघडउघड पाठवली गेली. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत दाद द्यावीशी वाटते ती त्या तारेला. युद्धनौका कुठे आहे हे सांगणारा लष्करी संदेश शत्रू संशयाने वाचतो. आईची चौकशी करणाऱ्या पोरावर कोण संशय घेणार?

३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध पेटलं. त्याच रात्री बाराच्या सुमाराला राजपूत विशाखापट्टणम बंदरातून बाहेर पडली. बंदराच्या तोंडाशी पाण्यात संशयास्पद हालचाल दिसली म्हणून कप्तान लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांनी दोन डेप्थ चार्ज टाकले. हे पाण्यात ठरावीक खोलीवर जाऊन फुटणारे बॉम्ब असतात. त्यानंतर काही वेळाने असा प्रचंड स्फोट झाला, की शहरात खिडक्यांची तावदानं हादरली. सकाळी कोळ्यांना पाण्यावर तेलाचा तवंग आणि तरंगणारं सामान सापडलं. नौदलाचे पाणबुडे खाली उतरले. तळाला गाझी होती. आतला एकही माणूस वाचला नव्हता. सापडलेल्या वस्तूंमध्ये एक जीवरक्षक जाकीट होतं आणि त्यावर अजून 'यूएसएस डायाब्लो' असे छापील शब्द होते. पाणबुडीचं नाव बदलून सात वर्षं झाली होती, जाकीट जुनंच वापरात होतं. गाझी मुळात कुणाची, हा तुमच्या मुलाचा प्रश्न त्या जाकिटाने त्याच दिवशी सोडवला होता.

आता घरातला वाद. तीन मतं आहेत. राजपूतच्या डेप्थ चार्जने गाझी बुडाली, ही आपल्या नौदलाची भूमिका. पाकिस्तान म्हणतो, गाझी पाणसुरुंग पेरत होती आणि तिच्याच सुरुंगाच्या स्फोटात ती गेली. तिसरं मत बॅटरीचं आहे. ट्रॅक्टरची बॅटरी चार्जिंगला लावली की आतलं पाणी उकळल्यासारखं बुडबुडतं. तो हायड्रोजन वायू असतो आणि म्हणूनच तिच्याजवळ बिडी पेटवायची नसते. या जातीच्या पाणबुडीत माणसाच्या छातीएवढ्या उंचीच्या अडीचशेच्या वर बॅटरी-घटांची रास असते. चार्जिंग करताना तो वायू बंदिस्त जागेत साठला आणि ठिणगी पडली, तर काय होईल ते सांगायला नको. १९७१ मध्ये नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख असलेले मिहिर रॉय यांच्यासारख्या आपल्याच अधिकाऱ्याने नंतर ही शक्यता मांडली आहे. गाझीचा पुढचा भाग फुटलेला होता आणि पत्रा आतून बाहेर वाकलेला दिसला, असं पाहणाऱ्यांनी सांगितल्यामुळे आतल्या स्फोटाच्या मताला वजन येतं. आतला स्फोट डेप्थ चार्जच्या धक्क्यानेही होऊ शकतो, त्यामुळे राजपूतचं श्रेय पुसलं जातंच असं नाही.

चित्रपटातली गोष्ट मात्र बाजूला ठेवा. तिथे एस-२१ ही भारतीय पाणबुडी गाझीशी पाण्याखाली झुंजते. गाझीला कुठल्याही भारतीय पाणबुडीने बुडवलेलं नाही. पाणबुडी विरुद्ध पाणबुडी अशी लढाई त्या रात्री झालीच नाही.

माझं मत विचाराल, तर तुमच्या घरातल्या दोन्ही तटांचा वाद शेवटच्या क्षणाबद्दल आहे आणि खरी लढाई त्याच्या आधीच झाली होती. गाझी ज्या जागी स्फोटात सापडली, त्या जागी ती होती कशामुळे? विक्रांत तिथे आहे असा तिचा समज करून दिला गेला म्हणून. स्फोट कशानेही झाला असो, तिला रिकाम्या बंदरासमोर आणून उभं केलं ते कृष्णन आणि त्यांच्या माणसांनी. हे काम निर्विवाद आपलं आहे. आणि दुसऱ्या दिवशी, ४ डिसेंबरला, विक्रांतची विमानं कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले करत होती.

एक गोष्ट मला या प्रकरणात फार मोलाची वाटते आणि ती सहसा कुणी सांगत नाही. गाझी १९४४ च्या बांधणीची. राजपूत म्हणजे ब्रिटिशांची रॉदरहॅम, १९४२ मध्ये पाण्यात उतरलेली, महायुद्ध पाहिलेली आणि १९४९ मध्ये आपण घेतलेली. विक्रांतही १९४३ मध्ये हर्क्युलिस या नावाने ब्रिटनमध्ये बांधायला घेतली गेली आणि युद्ध संपलं म्हणून कित्येक वर्षं अर्धवट पडून राहिली. म्हणजे शिकार, शिकारी आणि चकवा देणारं जहाज, तिन्ही दुसऱ्या महायुद्धाची लेकरं. दोन गरीब देश दुसऱ्यांच्या युद्धातून उरलेल्या जहाजांवर आपली पोरं पाठवून लढत होते. गाझीत मेलेली नव्वदहून अधिक माणसंही तशीच कुणाकुणाची पोरं होती. २०२४ मध्ये आपल्या नौदलाने खोल पाण्यातल्या बचावाचं नवं यान वापरून तिचा सांगाडा पुन्हा शोधला. त्याला हात लावला नाही. बुडालेल्या युद्धनौकेत माणसं विसावली आहेत असं मानायची नाविकांची रीत आहे, ती आपण पाळली, याचं मला समाधान वाटतं.

समुद्रापासून लांब, असं तुम्ही लिहिलंत. पण तुमच्या तालुक्याच्या उत्तर अंगाने, राक्षसभुवनावरून जाणारी गोदावरी आंध्रात राजमहेंद्रीच्या खाली याच बंगालच्या उपसागराला मिळते. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने ईशान्येला गेलं की विशाखापट्टणम येतं.

प्रश्न (अंबाजोगाई): या प्रकरणाशी महाराष्ट्राचा काही संबंध आहे का? आपल्याकडचं कुणी त्या मोहिमेत होतं का?

उत्तर: होतं. विक्रांतसोबतच्या पूर्व ताफ्यात कामोर्ता नावाची पाणबुडीविरोधी नौका होती. तिचे कप्तान होते मनोहर प्रल्हाद आवटी. त्या युद्धातल्या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळालं. पुढे ते व्हाइस अ‍ॅडमिरल झाले आणि निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी राहिले. शिडाच्या बोटीतून एका भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांचाच. कमांडर दिलीप दोंदे यांनी २०१० मध्ये ती पुरी केली. आवटी ४ नोव्हेंबर २०१८ ला विंचुर्णीतच वारले. दुष्काळी भागातल्या गावात राहून समुद्राचा विचार करणारा हा माणूस आपल्या शाळांमधल्या मुलांना ठाऊक असायला हवा.

दुसरा संबंध दुःखाचा आहे. गाझी पूर्वेला असताना हंगोर ही पाकिस्तानची फ्रेंच बनावटीची पाणबुडी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फिरत होती. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ तिने खुकरी ही आपली फ्रिगेट बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. गाझी बुडाल्याचं यश सांगताना खुकरी विसरली जाते. तसं होऊ नये. दोन्ही घटनांमध्ये पाच-सहा दिवसांचंच अंतर आहे.

विक्रांतचं घर मुंबईच होतं. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि २०१४ मध्ये दारूखान्यात तोडली गेली. ती वाचवायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न (माजलगाव): पाणबुडी किती दिवस पाण्याखाली राहू शकते? आता आपल्याकडे अमेरिकन पाणबुड्या आहेत का?

उत्तर: गाझीसारखी डिझेलवर चालणारी पाणबुडी अगदी सावकाश, ताशी दोन सागरी मैलांच्या वेगाने चालली तर बॅटरीवर सुमारे अठ्ठेचाळीस तास खाली राहू शकायची. वेग वाढवला की बॅटरी तासाभरातही उतरते. अणुशक्तीवरच्या पाणबुड्यांना ही अडचण नाही; त्यांना शिधा संपला की वर यावं लागतं.

अमेरिकन पाणबुडी आपण कधीच घेतली नाही. सुरुवातीच्या सोव्हिएत होत्या, नंतर जर्मन आणि फ्रेंच आराखड्यांवर मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये आपण स्वतः बांधू लागलो. तिथे बांधलेली नवी कलवरी २०१७ मध्ये दाखल झाली आणि नवी खांदेरी २०१९ मध्ये. खांदेरी हे नाव अलिबागसमोरच्या शिवछत्रपतींच्या जलदुर्गाचं.

पाणबुडी आतून पाहायची असेल तर विशाखापट्टणमला रामकृष्ण बीचवर कुरसुरा ही निवृत्त पाणबुडी २००२ पासून लोकांसाठी खुली आहे. ती १९७१ च्या युद्धात होती. तिच्याजवळच त्या युद्धाचं विजयस्मारक आहे. तिरुपतीला किंवा जगन्नाथपुरीला जाणं झालं तर वाट वाकडी करून एक दिवस तिथे काढा आणि मुलांना आवर्जून आत न्या.